नाणेघाटाची जुनी वाट

कोंकण व देश हे दोन शब्द आपल्या बोलण्यांत इतके रुळले आहेत कीं, त्या दोहोंमध्यें एक प्रचंड भिंत उभी आहे ही गोष्ट सहसा आपल्या ध्यानांत येत नाहीं. वर्गांतील नकाशावर सह्याद्रि म्हणजे तपकिरी रंगाचा एक उभा पट्टा. विद्यार्थी त्यावर बोट ठेवतो, 'पश्चिम घाट' असें म्हणतो, आणि गुण मिळवून खालीं बसतो. परंतु तो पट्टा स्वतःच्या पायांनीं चढून पाहिल्याशिवाय 'घाट' या शब्दाचा अर्थ नीट कळत नाहीं, असें आमचें मत आहे. घाट म्हणजे नुसता डोंगर नव्हे. डोंगर ओलांडून जाण्याची वाट. आणि वाट ही नेहमीं कोणाच्या तरी गरजेंतून निर्माण होते.

सहलीचा विषय निघाला म्हणजे कांहीं पालक आम्हांस विचारतात कीं, एक दिवस अभ्यास बुडवून डोंगर चढल्यानें मुलांच्या पदरांत काय पडतें? प्रश्न रास्त आहे, आणि त्याला सविस्तर उत्तर देणें आमचें कर्तव्य आहे. म्हणून एका दिवसांत चढून उतरतां येईल अशी एकच जुनी घाटवाट आम्ही येथें उदाहरणादाखल घेतों. ती वाट म्हणजे नाणेघाट.

नाणेघाट हा ठाणें जिल्ह्यांतील मुरबाड तालुका व पुणें जिल्ह्यांतील जुन्नर तालुका यांच्या सीमेवर आहे. घाटाच्या पायथ्याकडे वैशाखरे हें गांव, तर माथ्यावर घाटघर. कल्याणाहून मुरबाडमार्गें माळशेज घाटाकडे जाणारा मोटाररस्ता वैशाखऱ्यावरून जातो. गांवाच्या थोडें पुढें तो सोडला कीं, पायवाट लागते. घाटाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारें २५०० फूट उंच आहे. बेतानें चालणाऱ्या मुलांस तो गांठण्यास अडीच ते तीन तास पुरतात.

प्रथम ही वाट याच ठिकाणीं कां झाली, याचा विचार करूं. सह्याद्रीचा काळा खडक ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून बनला आहे. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं जमिनीच्या भेगांतून तप्त लाव्हा पुनःपुनः बाहेर आला, पसरला व थिजला. त्यामुळें एकावर एक असे थर बसत गेले. या थरांपैकीं कांहीं कठीण, तर कांहीं ठिसूळ. ठिसूळ थर पावसानें झिजून त्याचा उतार बनतो. कठीण थर कडा होऊन उभा राहतो. सह्याद्रीचें पश्चिमेकडील अंग दुरून पाहिलें असतां जिन्याच्या पायऱ्यांसारखें कां दिसतें, याचें कारण हेंच होय. अशा कड्यांच्या रांगेंत माणसाला वाटेल तेथून वर जातां येत नाहीं. ज्या ठिकाणीं कड्याला खांच पडली आहे, तेथेंच पाऊल ठेवण्यास जागा सांपडते. नाणेघाटाचा माथा ही अशीच एक अरुंद खांच आहे. माणसानें तेथें छिनी चालविली, पायऱ्या खोदल्या, आणि निसर्गानें ठेवलेल्या फटीची वाट झाली.

परंतु खांच सांपडली एवढ्यानें वाट होत नाहीं. तिची गरज असलेलीं माणसें हवींत. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं, सातवाहन राजांच्या काळीं, पैठण ही त्यांची राजधानी होती, जुन्नर ही भरभराटलेली पेठ होती, आणि पश्चिम किनाऱ्यावर कल्याण व सोपारा हीं बंदरें होतीं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ग्रीक भाषेंत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी व्यापाराच्या ग्रंथांत कल्याणाचा उल्लेख आहे. पैठण व तेर येथील मालाचीही त्यांत नोंद आहे. देशावरचा माल समुद्राकडे व समुद्रापलीकडचा माल देशावर नेण्यास कल्याण आणि जुन्नर यांना जोडणारा जवळचा मार्ग हवा होता. तो हा घाट. या मार्गावर नजर ठेवण्यास जीवधन, चावंड, हडसर व शिवनेरी हे डोंगर सोयीचे होते, म्हणून त्यांवर किल्ले झाले. जुन्नरच्या आसमंतांत दोनशेंहून अधिक लेणीं कोरलीं गेलीं, आणि त्यांतील कांहीं लेखांत दान देणारे म्हणून यवनांचाही, म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या परदेशी लोकांचाही, उल्लेख आहे. समुद्रापलीकडचीं माणसें सह्याद्रीच्या पूर्वेस कशीं पोंचलीं, याचें उत्तर अशा घाटवाटांत आहे.

आतां प्रत्यक्ष चढणीकडे वळूं. आरंभीं साधारण तासभर वाट रानांतून हळूहळू वर जाते. ऐन, साग, करवंदीच्या जाळ्या व कारवीचीं बनें दोहों बाजूंस असतात. कारवी हें झुडूप दरवर्षीं फुलत नाहीं. सात-आठ वर्षांतून एकदां सारें बन एकाच वेळीं जांभळ्या फुलांनीं भरून जातें, बीं धरतें व वाळून जातें. मध्यें ओढ्याचें पात्र ओलांडावें लागतें. हिंवाळ्याच्या अखेरीस तें कोरडें असतें, पावसाळ्यांत मात्र त्याचा भरंवसा धरूं नये.

रान संपून चढ तीव्र होऊं लागला कीं, मुलांनीं वाटेकडे लक्ष द्यावें. ती नाकासमोर वर जात नाहीं. वळणें घेत जाते. चपळ मुलें हीं वळणें सोडून मधूनच सरळ चढूं पाहतात, आणि शंभर पावलांत धापा टाकीत बसतात. ज्यांनीं वाट आंखली त्यांना पाठीवर ओझें घेतलेला बैल व डोक्यावर ओझें घेतलेला माणूस यांची शक्ति ठाऊक होती. चढ किती असावा म्हणजे दम न तुटतां वर जातां येईल, हा हिशेब त्या वळणांत आहे. पुढें दगडी पायऱ्या लागतात. या पायऱ्यांवर चाक चालणें शक्य नाहीं. म्हणजे गाडीचा माल पायथ्याशीं उतरून जनावरांच्या पाठीवर किंवा माणसांच्या डोक्यावर चढवावा लागत असे, व माथ्यावर गेल्यावर पुन्हां गाडीवर. इतिहासाच्या पुस्तकांत 'व्यापार वाढला' हे दोन शब्द आपण वाचतों. त्या दोन शब्दांत किती श्रम आहेत हें या पायऱ्या सांगतात.

माथ्याच्या अलीकडे खडकांत खोदलेलीं पाण्याचीं टांकीं आहेत. कठीण खडकांत पाणी झिरपून जात नाहीं, म्हणून पावसाचें व झऱ्याचें पाणी त्यांत पुढें बरेच महिने टिकतें. चढणाऱ्यास तहान कोठें लागते हें ओळखून टांकीं नेमक्या त्याच जागीं खोदलीं आहेत. थकून तेथें पोंचलेल्या मुलास तें निराळें समजावून सांगावें लागत नाहीं.

टांक्यांच्या जवळच पश्चिमेकडे तोंड केलेलें एक लेणें आहे. नक्षीकाम नाहीं, खांबांची शोभा नाहीं. बसण्यापुरता ऐसपैस चौकोनी दालनासारखा तो भाग आहे. त्याच्या डाव्या व उजव्या भिंतींवर मोठा लेख कोरलेला आहे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. ही प्राकृत म्हणजे आपल्या मराठीच्या पूर्वजांच्या घरचीच भाषा. लेखाचा काळ इसवी सनापूर्वीं दुसऱ्या ते पहिल्या शतकांतील मानतात. तो सातवाहन राजा सातकर्णि याची राणी नागनिका हिचा आहे, असें बहुतेक विद्वानांचें मत आहे. कांहीं तिचें नांव नायनिका असें वाचतात. आरंभीं धर्म, इंद्र, संकर्षण व वासुदेव, चंद्र व सूर्य, आणि चार दिक्पाल यांना वंदन आहे. राणी महिना-महिना उपवास करी व घरांत राहूनही तपस्विनीप्रमाणें वागे, असें लेख सांगतो. पुढें दोन अश्वमेध, राजसूय व इतर यज्ञ यांची नोंद आहे, आणि प्रत्येक यज्ञांत काय दक्षिणा दिली याचा हिशेब आहे : कोठें १,७०० गाई व १० हत्ती, कोठें ११,००० गाई व १,००० घोडे, कोठें २४,४०० कार्षापण नाणीं. समोरच्या भिंतींत राजघराण्यांतील माणसांच्या आठ मूर्ति होत्या. मूर्ति आतां नाहींशा झाल्या. त्यांच्या डोक्यावर कोरलेलीं नांवें मागें राहिलीं. त्यांत सातवाहन घराण्याचा मूळ राजा सिमुक याचें नांव आहे, सातकर्णि व राणी यांचीं आहेत, एका महारठीचें आहे.

गणिताच्या विद्यार्थ्यांनीं या लेखांतील आंकडे अवश्य समजून घ्यावेत, कारण भारतांतील जुन्यांत जुन्या अंकलेखनाच्या नमुन्यांत त्यांची गणना होते. एक दाखविण्यास एक आडवी रेघ, दोन दाखविण्यास दोन आडव्या रेघा. लेखणी न उचलतां या दोन रेघा घाईनें काढून पाहाव्या. आपला '२' कोठून आला तें उमगेल. मात्र या पद्धतींत शून्य नाहीं, व स्थानावरून किंमत ठरत नाहीं. दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हें आहेत. चार हजार लिहावयाचे तर हजाराच्या चिन्हाला चाराचें चिन्ह जोडीत. म्हणून २४,४०० हा आंकडा तीन चिन्हांनीं लिहिला जातो : वीस हजार, चार हजार, चारशें. आम्हीं वर्गांत फळ्यावर या रीतीनें दोन आंकड्यांची बेरीज करावयास सांगितली, तेव्हां हुशार मुलेंही अडलीं. शून्याचें व स्थानाचें मोल पुस्तकांतील वाक्यानें जें कळत नाहीं, तें त्या अडण्यानें कळलें.

हा लेख कित्येक शतकें कोणी वाचूं शकत नव्हतें. वाट चालू होती, माणसें लेण्यांत विसांवा घेत होतीं, परंतु भिंतीवरचीं अक्षरें मुकीं होतीं. विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानें १८२८ सालीं त्यांकडे विद्वानांचें लक्ष वेधलें. जेम्स प्रिन्सेप यांनीं १८३७ सालीं ब्राह्मी लिपीचा उलगडा केला, तेव्हां वाचनाची किल्ली हातीं आली. त्यानंतर १८७० च्या पुढील दशकांत पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं येथील अंकांचा अर्थ लावला. जुनागढास १८३९ सालीं जन्मलेल्या या गृहस्थांनीं डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासाठीं गांवोगांव हिंडून शिलालेखांच्या नकला आणिल्या, आणि मोठमोठ्या पंडितांनीं ज्यांचा शब्द प्रमाण मानावा अशी योग्यता मिळविली. पुढें १८८३ सालीं जॉर्ज ब्यूलर यांनीं लेखाचें भाषांतर प्रसिद्ध केलें. विद्यार्थ्यांनीं यांतून एवढें ध्यानांत ठेवावें कीं, आपल्या इतिहासाचें हें पान एका माणसानें उघडलें नाहीं. एकानें पाहिलें, दुसऱ्यानें लिपी सोडविली, तिसऱ्यानें आंकडे वाचले.

लेख वाचून झाला म्हणजे आम्ही मुलांस एक प्रश्न विचारतों : या भिंतीवर कोणाचें नांव नाहीं? राजाचें आहे, राणीचें आहे, कुमारांचें आहे. गाई, हत्ती, घोडे यांची मोजदाद आहे. परंतु ज्यांनीं पायऱ्या खोदल्या, ज्यांनीं ओझीं वर चढविलीं, त्यांची गणती कोठेंच नाहीं. मुलें थोडा वेळ भिंतीकडे पाहतात. मग एखादा दाराबाहेरच्या झिजलेल्या पायऱ्यांकडे बोट करतो. तें उत्तर बरोबर आहे. राणीनें आपली नोंद छिनीनें करविली. हमालांची व बैलांची नोंद त्यांच्या पावलांनीं दगडावर उमटली. या घाटाचा इतिहास जाणूं इच्छिणाऱ्यानें दोन्ही वाचलीं पाहिजेत.

लेण्याच्या वर खांच अरुंद होते. दोहों बाजूंस खडक, मध्यें पायऱ्या. त्या चढून गेलें कीं एकाएकीं देशावरचें सपाट पठार लागतें. तेथें एक मोठा दगडी रांजण आहे. घाटानें जाणाऱ्यांकडून घेतलेली जकात त्यांत टाकीत, अशी परंपरा सांगतात, आणि घाटाच्या नांवाचा संबंधही नाण्यांशीं जोडतात. खिंडीशेजारीं कड्याचें जें टोंक पुढें आलें आहे त्यास 'नानाचा अंगठा' म्हणतात. नाना व गुणा या दोघां भावांनीं घाट खोदण्याची पैज लाविली व नानानें ती जिंकली, अशी एक कथाही लोकांत प्रचलित आहे. कथेचा व शिलालेखाचा पुरावा एकाच तोलाचा नव्हे, हें मुलांस सांगावें. परंतु कथा टाकून देऊं नये. लोकांनीं आपली वाट किती जपून मनांत ठेवली होती, हें ती सांगते.

अंगठ्यावरून पश्चिमेस पाहिलें असतां सारें कोंकण पायाखालीं पसरलेलें दिसतें. दक्षिणेस जीवधन व त्याच्या शेजारचा वानरलिंगी नांवाचा खडा सुळका. पावसाळ्यांत येथें पाणी उलट वर उडतांना दिसतें, व नवखा मनुष्य त्यास चमत्कार समजतो. कारण सोपें आहे. समुद्राकडून येणारा जोराचा वारा कड्यावर आदळतो. त्यास पुढें जाण्यास जागा नसते, म्हणून तो कड्याला धरून वर चढतो. खालीं पडणारी पाण्याची बारीक धार त्याच्या तडाख्यांत सांपडली म्हणजे तिचे तुषार होऊन वर फेंकले जातात. हाच ढगांनीं भरलेला वारा वर चढतांना थंड होतो, आणि म्हणून कोंकणाच्या अंगास मुसळधार पाऊस पडतो, तर जुन्नरपलीकडे पूर्वेस तो झपाट्यानें कमी होत जातो. घाटघरच्या बाजूस महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. भातशेती करणें व रानांतील हिरडा गोळा करून विकणें हीं त्यांचीं जुनीं उपजीविकेचीं साधनें. वाट, पाणी व हवा यांविषयीं या लोकांचा शब्द अखेरचा मानावा.

इतकी नांदती वाट ओस कां पडली? बोरघाटांतून गाडीरस्ता १८३० सालीं खुला झाला. पुढें त्याच बोरघाटांतून १८६३ सालीं व थळघाटांतून १८६५ सालीं आगगाडी वर चढली. चाकाला वाट मिळाल्यावर पायऱ्यांचा धंदा सरला. परंतु याच कारणानें नाणेघाट वांचला. येथून मोठा रस्ता गेला असता, तर सुरुंगानें पायऱ्या व टांकीं कदाचित् केव्हांच उडालीं असतीं.

आज मात्र त्यास निराळी भीति आहे. सुटीच्या दिवशीं, विशेषतः पावसाळ्यांत, येथें फार गर्दी होते. लेण्याच्या दगडावर लोक आपलीं नांवें लिहितात, खरडतात. दोन हजार वर्षांच्या वाऱ्यापावसानें लेखाचीं कित्येक अक्षरें आधींच गेलीं आहेत, आणि ज्या ओळी तुटल्या त्यांचा अर्थ आतां जगांतील कोणताही पंडित निश्चयानें सांगूं शकत नाहीं. उरलेल्यांपैकीं एक अक्षर जरी खिळ्याच्या ओरखड्यानें गेलें, तरी तें पुन्हां छापून मिळण्यासारखें नाहीं. म्हणून मुलांनीं भिंतीस हात लावूं नये, खडूनें अक्षरें गिरवूं नयेत, लेण्यांत चूल पेटवूं नये, व टांक्यांत हातपाय धुऊं नयेत. नेलेलें कागद व प्लास्टिक परत आणावें.

जाणाऱ्यांसाठीं दोन शब्द. पहिल्या खेपेस नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने बरे. पावसाळ्यांत पायऱ्यांवर शेवाळ येतें व धुक्यांत कड्याची कड दिसत नाहीं. लहान मुलांस त्या दिवसांत नेऊं नये. सकाळीं उजाडतांच चढूं लागावें, म्हणजे ऊन तापण्यापूर्वीं लेण्याची सांवली गांठतां येते. प्रत्येकाजवळ दोन लिटर पाणी, भाकरी, टोपी व पायांत न घसरणारे बूट असावेत. पुढें एक व मागें एक असे दोन जाणते इसम असावेत, आणि मागचा येईपर्यंत पुढच्यानें वळण सोडूं नये. कड्यांवर आग्यामोहळें असतात, तेव्हां धूर, आरडाओरड व उग्र अत्तर वर्ज्य करावें. दुपारीं दोनच्या आंत उतरूं लागावें. रानांत अंधार लवकर पडतो, व दमलेले पाय चढतांना नव्हे तर उतरतांना चुकतात.

पालकांच्या प्रश्नाला आमचें उत्तर हें असें आहे. त्या एका दिवसांत मुलगा भूगोल, इतिहास व गणित शिकतो, हें खरेंच. परंतु त्याहून महत्त्वाचें म्हणजे जें भिंतीवर लिहिलेलें नाहीं तेंही पाहावयास तो शिकतो. घरीं येणारें धान्य, अंगावरचें कापड, हातांतील पुस्तक कोणीतरी उचलून आणिलें आहे, हें ज्याच्या दुखऱ्या पायांस एकदां कळलें, तो पुढें हमालाशीं उद्धटपणें बोलणार नाहीं अशी आमची आशा आहे. आणि ज्या पालकांस याविषयीं शंका असेल, त्यांनीं पुढील सहलीस मुलांबरोबर स्वतः यावें. वाट दोघांनाही पुरेशी रुंद आहे.